मेणबत्तीचं रक्त

बाइंडिंगच्या कारखान्यात तिला सगळे मेणबत्ती म्हणत. मागून म्हणत, तोंडावर म्हणत, मालकही म्हणे. रंगानं होतीच तशी, पांढरी फटक, ओठांनासुद्धा लाली नाही. राग यायचा का? यायचा की. पण ती म्हणायची, मेणबत्ती तर मेणबत्ती, विझवून दाखवा. छापखान्यातून मोठाले कागद यायचे, त्यांच्या घड्या घालून फर्मे करायचे, मग लांबलचक टेबलाभोवती फिरत एकेक फर्मा उचलून पुस्तक जुळवायचं आणि सुईदोऱ्यानं शिवायचं, हे तिचं काम. तिसऱ्या फेरीला धाप लागायची. टेबलाची कड धरून क्षणभर थांबायची, की लगेच पुढचा फर्मा हातात. तिनं जुळवलेलं पुस्तक फर्मा गळला म्हणून कधी परत आलं नाही. धडधाकट बायकांची आली, हेही ती आवर्जून सांगायची. स्वभावानं गरीब वगैरे नव्हती ती, गैरसमज नको.

नवरा घड्याळजी. डोळ्याला भिंग लावून दिवसभर दुसऱ्यांची घड्याळं उघडून बसायचा. बोलणं बेताचं, वागणं काट्यावरचं. रोज सकाळी आठच्या ठोक्याला तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहायचा, एका हातात पाण्याचा पेला, दुसऱ्या हातात लोहाची गोळी. सत्तावीस वर्षांत एक दिवस खाडा नाही. शेजारणी म्हणायच्या, नवरा असावा तर असा. ती म्हणायची, एवढं लोखंड पोटात गेलंय की कुणी चुंबक आणला तर मीच जाऊन त्याला चिकटेन. रंग मात्र तसूभर बदलला नाही.

ही गोळी सुरू झाली पहिल्या मुलानंतर. मुलगा सहा महिन्यांचा होईपर्यंत कसा गुटगुटीत होता. मग फिका पडत गेला, खाईना, चालायला लागला तरी दोन पावलांत बसकण मारायचा, पोट मात्र नगाऱ्यासारखं. कुणी टॉनिक दिलं, कुणी जंताचं औषध दिलं. एका दवाखान्यात रक्त चढवलं तेव्हा पंधरा दिवस पोरानं घर डोक्यावर घेतलं, आणि पुन्हा मावळला. त्याला नेमकं काय झालंय हे कुणाला उमगायच्या आत, अडीच वर्षांचा असताना, तापाचं निमित्त झालं आणि तो गेला. माणसं भेटायला आली होती, घर भरलं होतं, आणि सासू सगळ्यांसमोर बोलली की हिच्याच अंगात रक्त नाही, पोराला कुठून देणार? नवरा तिथंच होता. त्यानं मान खाली घातली ती घातलीच. दुसऱ्या दिवशीपासून गोळी. आता याला काळजी म्हणायचं की शिक्षा, हे तिला कधीच ठरवता आलं नाही. तिनं ती गिळली. सासू गेली, पण ते वाक्य घरातून गेलं नाही. त्या मुलाचा विषय कुणी काढत नसे.

नंतर मुलगी झाली. आईसारखीच फिकुटलेली, पण चिवट. शिकली, नोकरीला लागली, मनाजोगतं लग्न केलं. जावई आपल्या आईबरोबर खिळे, कड्या, कुलपांचं दुकान चालवायचा. पोरगा सरळ, मायाळू, फक्त आईपुढे शेळी. आणि आता मुलीला दिवस गेले होते, दुसरा महिना सरत आला होता.

प्रसूतिगृहातल्या डॉक्टरीणबाईंनी मुलीच्या रक्ताचा कागद दोनदा वाचला आणि सोबत आलेल्या आईकडे बघून म्हणाल्या, तुम्हीही द्या रक्त. तिनं बाही वर केली. तिला वाटलं, झालं, आता दोघींना दोन-दोन गोळ्या. आठवड्यानं बोलावलं तेव्हा भलतंच निघालं. तुमच्या दोघींच्या लाल पेशी संख्येनं कमी नाहीत, डॉक्टरीणबाई सांगत होत्या, उलट जास्तच आहेत, पण आकारानं लहान आणि रंगानं फिक्या. त्या घडतातच तशा. जन्मापासून तशा. अशा माणसांना थॅलेसेमियाचे वाहक म्हणतात. हा आजार नव्हे, ही आईबापांकडून आलेली ठेवण आहे. आणि लोह? लोह तुमच्या अंगात नको तेवढं साठलंय, गोळी आजपासून बंद. ज्याला खरोखर लोह कमी पडतं त्याला गोळीनंच बरं वाटतं, पण आधी तपासावं तर लागतं ना, असंही त्या जरा चिडूनच म्हणाल्या.

तिनं ते आपल्या भाषेत लावून बोलून दाखवलं. म्हणजे कोठारात कागदाचे गठ्ठे छताला टेकलेत, पण कटिंग मशीनच छोट्या मापाला लावलंय. कितीही कागद आणून ओता, पुस्तक निघणार ते लहानच. डॉक्टरीणबाई हसल्या, म्हणाल्या, आता मी सगळ्यांना असंच सांगणार.

मग त्यांनी सहज विचारलं, ही एकच मुलगी का? तिनं मुलाचं सांगितलं. फिकेपणा, पोट, ते पंधरा दिवस, सगळं. मुलगी आईकडे बघतच राहिली, तिनं हे एवढं कधी ऐकलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

"त्याचे कागद नाहीत, म्हणून शपथेवर नाही सांगता येणार," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही सांगताय ते ऐकून मला तरी वाटतं, त्याला थॅलेसेमियाच होता, नुसता वाहक नव्हे, पुरता आजार. आणि तसं असेल तर एक लक्षात घ्या. एकट्या आईकडून असं मूल होत नाही. दोन्हीकडून यावं लागतं."

दोन्हीकडून. आधी रडू फुटेल असं वाटलं, पण रडू आलंच नाही, आला तो संताप. सत्तावीस वर्षं! रोज आठ वाजता आपण आपला गुन्हा पाण्याबरोबर गिळत होतो, आणि त्या गुन्ह्यात अर्धा वाटा दारात पेला घेऊन उभा होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

पण संतापायला वेळ नव्हता, कारण डॉक्टरीणबाई पुढचं सांगत होत्या. मुलगी वाहक आहे. जावयाचं रक्त पंधरा दिवसांच्या आत बघायलाच हवं. तो वाहक नसेल तर भ्यायचं काही नाही, फार तर बाळ आईसारखं फिकं निघेल. तो वाहक असेल तर मात्र चारात एक शक्यता, की बाळाला जन्मभर दर थोड्या आठवड्यांनी रक्त चढवावं लागेल. ते गर्भातच तपासता येतं, उपाय आहेत, वाटा आहेत, पण त्या वेळेत कळलं तरच.

जावई तयार होता. विहीणबाई नव्हत्या. त्या गल्ल्यावर बसल्या बसल्या म्हणाल्या, आमच्या घरात कुणाला साधं पडसं होत नाही, माझा पोरगा पोतंभर खिळे एका हातानं उचलतो, त्याचं रक्त कशाला काढायचं? हे रक्ताचं बायकांचं दुखणं. उद्या कागदावर काही लिहून आलं म्हणजे गावभर माझ्या मुलाला डाग. जावई कुलपं मोजत राहिला. मेणबत्तीनं समजावलं, चारात एक काय ते चार खिळे मांडून दाखवलं. तेव्हा विहीणबाई जे बोलल्या ते बोलायला नको होतं.

"जिचं स्वतःचं पहिलं पोर टिकलं नाही, तिनं मला शिकवू नये."

दुसरी कुणी असती तर उठून गेली असती. ती खिळे उचलून खोक्यात परत टाकेपर्यंत थांबली आणि मग गेली. वाटेत तिला एकच गोष्ट कळत होती. या बाईला डॉक्टरचा कागद पटणार नाही. हिला पुरुषाच्या रक्ताचा कागद लागेल. आणि तो पुरुष आपल्या घरात आहे.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता नवरा दारात उभा राहिला. गोळी बंद झाली हे तिनं त्याला सांगितलंच नव्हतं. तिनं त्याच्या हातातली गोळी घेतली आणि केराच्या डब्यात टाकली. तो गोंधळला. तिनं दवाखान्यातलं सगळं सांगितलं, आवाज न चढवता. मग म्हणाली, "चला, रक्त द्यायला."

या वयात आता कशाला, असं तो पुटपुटला. आपल्याला काय आता मुलं व्हायची आहेत? झालं गेलं गंगेला मिळालं.

"मिळालं नाही. माझ्या डोक्यावर आहे ते," ती म्हणाली. "तुमची आई बोलली तेव्हा तुम्ही मूग गिळून बसलात. ते मी सोडलं. पण आज मुलीच्या बाबतीत गप्प बसलात, तर ते मी सोडणार नाही."

त्यानं पेला मोरीत ठेवला आणि चपला घातल्या. सुई टोचताना त्यानं तोंड फिरवलं. एवढ्या बारीक काट्यांशी आयुष्य काढलेला माणूस, सुईला घाबरला. तिला हसू आलं, आणि त्या हसण्याचा तिला रागही आला.

कागद आणायला तो एकटाच गेला. दुकानात बसून, डोळ्याला भिंग लावून त्यानं तो वाचला, जणू एखाद्या चाकाचा दात तुटलाय का ते बघतोय. वाहक. बायकोचे आकडे आणि त्याचे आकडे जवळजवळ जुळे. तो घरी आला तो दुपारीच, शटर ओढून, आणि कधी नव्हे ते तिच्यासमोर जमिनीवर बसला. मला वाटलं होतं, तो म्हणाला, आई म्हणते तर असेल. असेल म्हटलं की मला मोकळं राहता येत होतं. माफी वगैरे शब्द त्याला सापडले नाहीत, आणि तिनं ते शोधून दिले नाहीत. का द्यावेत? ती एवढंच म्हणाली, मला सांगून काय उपयोग, जिथं सांगायचं तिथं चला.

दोघं खिळ्यांच्या दुकानात गेले तेव्हा गिऱ्हाइकं होती. विहीणबाईंनी आत बसायला सांगितलं. घड्याळजी आत गेला नाही. त्यानं दोन्ही कागद गल्ल्यावर शेजारी शेजारी ठेवले. त्याचा आवाज सगळ्या दुकानाला ऐकू गेला.

"हे हिचं, हे माझं. आमचा मुलगा गेला तो एकट्या हिच्यामुळे नाही. माझंही रक्त त्यात होतं. सत्तावीस वर्षं मी हिला एकटीला उभं केलं. विहीणबाई, तुम्ही तुमच्या मुलाला माझ्यासारखं करू नका."

एक गिऱ्हाईक हातातली कडी तशीच धरून उभं राहिलं. विहीणबाईंचा चेहरा लालबुंद झाला. त्या काहीतरी बोलणार तोच जावई शिडीवरून खाली उतरला. आई, मी जाऊन येतो, म्हणाला. एवढंच. शर्टाची बाही तो दुकानाच्या पायरीवरच वर करायला लागला, जणू दवाखाना रस्त्यातच आहे. ज्याला शेळी शेळी म्हणत होतो त्याला त्या दिवशी शिंगं फुटली.

पुढचे पाच दिवस फार वाईट गेले. कारखान्यात तिनं एकदा एकच फर्मा दोनदा उचलला, शेजारी काम करणाऱ्या बाईनं पाहिला आणि काढून ठेवला. पाचव्या दिवशी कागद आला. जावयाच्या पेशी ठणठणीत, मोठ्या, लाल. वाहक नाही. मुलगी फोनवर हसतेय की रडतेय हेच आधी कळेना. मेणबत्ती मात्र टेबलाची कड धरून खाली बसली आणि भरल्या कारखान्यात ढसाढसा रडली. मालक पाणी घेऊन आला, त्याला वाटलं, हिला चक्कर आली.

संध्याकाळी सगळे मुलीच्या घरी जमले. विहीणबाई तर आनंदानं फुगल्या होत्या. मी सांगत नव्हते का, आमचं रक्त चोख आहे म्हणून, असं त्यांनी येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. मेणबत्तीनं ऐकून घेतलं. आजचा दिवस त्यांचा, असू दे. पण मग मुलीच्या पाठीवरून हात फिरवत, अगदी मायेनं, विहीणबाई म्हणाल्या, आता बाळ तेवढं आमच्यावर जाऊ दे, आईवर आणि आजीवर नको. मुलीची मान खाली गेली. ती मान खाली जाताना पाहिली आणि मेणबत्ती उठली.

"विहीणबाई, निम्मी शक्यता आहे, ते माझ्यावर जाईल. गेलं तर जाऊ दे. फिकं असेल, जरा दमेल, आणि तुम्हाआम्हाला पुरून उरेल. तपासल्याशिवाय त्याला लोहाची गोळी देऊ नका. मोठं झालं की त्याला खरं सांगा, आणि ज्याच्याशी संसार करेल त्याचंही रक्त बघा. आणि कधी कुणी विचारलं, की हे कुणामुळे असं झालं, तर त्या माणसाला माझ्याकडे पाठवा."

घड्याळजी कोपऱ्यात बसला होता. तोही उठला आणि म्हणाला, "आमच्याकडे."