मागचे दोन स्पीकर

मी चौथीपर्यंत शिकलो. पण स्पीकरमधलं मला कोणी शिकवायचं नाही. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मी एकवीस वर्षं टेस्टिंगच्या टेबलावर बसलेलो. तयार स्पीकर पुढ्यात आला की त्याला सेल लावायचा. लाल खुणेला सेलचं डोकं टेकवलं की स्पीकरच्या तोंडावरचा कागदाचा कोन बाहेर उडी मारायला हवा. आत गेला तर समजायचं, वायर उलटी जोडलीय. रिजेक्ट. इंजिनियर लोक मला विचारून जायचे.

हे माझ्या मुलाला ठाऊक होतं. लहानपणी शाळेत सांगत फिरायचा. म्हणून त्यानं होम थिएटर घ्यायचं ठरवलं आणि "बाबा, तुम्हीपण चला" म्हणाला, तेव्हा मला वाटलं, स्पीकर तरी मी निवडायचे. इस्त्रीचा शर्ट घालून डोंबिवलीहून ठाण्याला गेलेलो.

दुकान काचेचं. सेल्समन पोरगेला, टाय लावलेला. बोलत होता फक्त मुलाशी, तेही निम्मं इंग्रजीत. पुढे तीन स्पीकर, मागे दोन; मागच्यांना म्हणे सराउंड म्हणतात. त्यानं पिक्चर लावला. कोर्टात दोन वकील भांडत होते. आवाज सगळा पुढून. मी मागच्या खोक्यांना कान लावला. काहीच नाही.

"हे दोन बंद आहेत."

"चालू आहेत काका."

"मग बोलत का नाहीत? मौन धरलंय?"

मुलगा खाली बघायला लागला. सेल्समन कॅटलॉग आणायला आत गेला. मी टेबलावरचा रिमोट उघडला, एक सेल काढला, खोक्यांवरची जाळी काढली, मागची वायर सोडली आणि सेल टेकवला. उजव्याचा कोन बाहेर आला. डाव्याचा आत गेला. दोनदा बघितलं. आतच.

"ओ काका! काय करताय? हात नका लावू!"

"हा डावा आतून उलटा जोडलाय. कोन आत जातोय."

त्यानं ऐकलंसुद्धा नाही. वायरी परत खोचल्या, आणि दुसरा पिक्चर लावला. एकदम माझ्या डोक्यामागून हेलिकॉप्टर आलं. मी खाली वाकलो. अख्खं दुकान हसलं.

"बघा काका, मौन सोडलं त्यांनी!"

मुलगापण हसला. त्या सगळ्या हसण्यात मला त्याचं वेगळं ऐकू आलं.

आता सांगतो, माझं एक चुकलं. मागचे स्पीकर मागे काही घडलं तरच बोलतात, हे मला माहीत नव्हतं. आमच्याकडे गप्प बसलेला स्पीकर सरळ फेकायचे. पण उलटी वायर ही उलटीच होती! ती हेलिकॉप्टरनं सरळ होते काय?

"अरे, तो डावा बदलून घे," मी म्हणालो.

"बाबा, पुरे ना आता. कंपनीचा माल आहे."

कंपनीचा! आणि मी एकवीस वर्षं काय पानाच्या टपरीवर बसलेलो?

दुकानात तेवढाच एक सेट उरलेला. तोच बांधून दिला.

घरी सोफ्यामागच्या भिंतीवर ते दोन लटकले. एकाचा कोन बाहेर जातो तेव्हा दुसऱ्याचा आत, म्हणजे एकानं दिलेला आवाज दुसरा गिळतो. सोफ्यावर मधोमध बसलं की पाण्याच्या रिकाम्या टाकीत तोंड घालून कोणी बोलतंय असं वाटतं. मुलगा पाहुण्यांना तिथेच बसवायचा. "इफेक्ट बघा, इफेक्ट!" पाहुणे माना डोलवायचे. माझ्या अंगाची आग व्हायची.

घरी एकदाच बोललो. "डाव्याच्या बाहेरच्या दोन वायरी आपसात बदल, आतली चूक भरून निघेल. अर्धं मिनिट लागेल."

"वॉरंटी जाईल बाबा."

बाहेरची वायर! जी त्यानंच स्टुलावर चढून लावली! तिची कसली वॉरंटी? कोणीतरी टाय लावून सांगितलं असतं तर धावत जाऊन बदलली असती. त्यानंतर मी त्या विषयावर तोंड उघडलं नाही.

एका दुपारी मुलगा ऑफिसात होता. बायकोनं स्टूल आणून भिंतीला लावलं.

"अहो, तुम्हीच बदलून टाका ना. नुसते धुमसत बसता. त्याला कळणारपण नाही."

"कळणार नाही, म्हणूनच बदलत नाही," मी म्हणालो. "त्यानं येऊन विचारू दे."

स्टूल उचलून मी स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं.