सत्कार थांबवा, पोरींना गाऊ द्या

मंडळी, आज बीदरमध्ये मी स्वतःचाच सत्कार बंद पाडला आणि मला जराही पश्चात्ताप नाही.

आपल्या निर्णा गावच्या रमा आणि सुजाता सहा वर्षं जोडीनं कार्यक्रम करतात. रमा सोल, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांचं आर्त गाणं गाते, अगदी पोटातून. सुजाता त्या सुरांवर आपल्या बोलीतली कविता बोलते. हैदराबाद, बेंगळुरू गाजवून झालं. आपल्या जिल्ह्यानं आज पहिल्यांदा बोलावलं. सुजाताची आईही पहिल्यांदाच ऐकायला आलेली.

पण मान्यवरांचे सत्कार संपेनात! माझं नाव पुकारलं, मी मंचावर गेले, तर संयोजक हळूच म्हणाले, "अक्का, हॉल सोडायचाय. पोरींचं पुढच्या वर्षी बघू."

कॉन्व्हेंटमध्ये शिकवलेली नम्रता मी गुंडाळून ठेवली. "व्हय अण्णा? शालींना वेळ हाय, पोरींना न्हाई? माझी शाल तुम्हीच पांघरा आणि खाली बसा!"

हॉल हसला, ते बसले. रमानं सूर लावला. सुजातानं विचारलं, "आई, तुझ्या हाताचा तुरीच्या शेंगांचा वास कामून जाईना?"

तिसऱ्या रांगेतून तिची आई ओरडली, "कसा जाईल गं? सकाळीच तोडून आले की!"

काय टाळ्या पडल्या! रमा हसत हसतच गात राहिली.

तुमच्या गावच्या पोरींचं नाव तुम्हाला आधी कळतं की हैदराबादला?