मानेकडे पाहणारे डॉक्टर

समोरचा माणूस बोलत असला की आपण त्याच्या तोंडाकडे पाहतो. आमचे डॉक्टरसाहेब मानेकडे पाहायचे. कानाच्या खाली शीर उडते ना, तिथं. तुमचं बोलणं संपलं की म्हणायचे, "झालं? आता खरं सांगा."

मला हा माणूस पहिल्या दिवसापासून आवडला नाही. आपल्या बायकोच्या मानेकडे परका माणूस टक लावून पाहतो, हे कोणाला आवडेल, तुम्हीच सांगा.

मी दुर्गजवळच्या पोलाद कारखान्याच्या मशीन शॉपमध्ये ग्राइंडरवर होतो. शाळा फार केली नाही, म्हणून जे सांगतो ते सरळ सांगतो. माझ्या बायकोचं नाव शेवंता. क्वार्टरमध्ये गॅस यायच्या आधी कितीतरी वर्षं तिनं कोळशाच्या शेगडीवर स्वयंपाक केला. दम लागायला लागला तेव्हा सगळ्यांनी दमा म्हटलं, मलाही पटलं. मग पाय सुजले, ओठ निळे पडले, आणि आम्हाला कारखान्याच्या दवाखान्यात या डॉक्टरांकडे पाठवलं.

ते आमच्याच बाजूचे, भंडाऱ्याकडचे. डोक्यावर केस नाहीत, बुटाला लेस नाही. लग्न केलेलं नव्हतं. तेही मला संशयाचंच वाटलं.

"बाई, जिना चढताना दम लागते का?" त्यांनी विचारलं.

"थोडा थोडा लागते," मी म्हणालो.

"तुमचा जिना इचारला का मी?"

शेवंता म्हणाली, "नाई जी, काही नाई. ठीक हाय."

त्यांनी मान पाहिली. "झालं? आता खरं सांगा." तिनं माझ्याकडे पाहिलं. मग ते मला म्हणाले, "तुमी जरा चहा पिऊन या."

"मले चहा नाई पायजे."

"मले पायजे. माह्यासाठी आना."

मी चहा घेऊन आलो तेव्हा शेवंता पदरानं डोळे पुसत होती. काय सांगितलं ते तिनं मला कधी सांगितलं नाही. डॉक्टरांनीही नाही. चहा मात्र त्यांनी पूर्ण प्यायला.

आजार त्यांनी मला माझ्याच भाषेत सांगितला. "तुमच्या शॉपात पाण्याची लाइन चोक झाली तर पंपाचं काय होते?"

"जोर पडते. तापते. मंग बसते."

"बस, तेच. हिच्या फुप्फुसातल्या नळ्या आवळल्या. हृदयाचा उजवा कप्पा त्याईत रक्त ढकलून ढकलून थकून राहिला. मागं तुंबलेलं रक्त मानेच्या शिरेत दिसते."

त्यांची एवढी एकच गोष्ट मी संशय न घेता ऐकली, कारण ती पंपाची होती.

शेजारपाजाऱ्यांनी रायपूरला दाखवा म्हटलं. वाटेत कुम्हारीच्या पुढं बस दोनदा बंद पडली, पण गेलो. तिथल्या खाजगी डॉक्टरची खोली थंडगार, माणूस हसतमुख. नळ्या मोकळ्या करणारी एक गोळी आहे म्हणाला. "शुरू कर दो. देखना, दौड़ने लगेंगी." शेवंताही हसली. किती दिवसांनी हसली होती.

मी ती चिठ्ठी आमच्या डॉक्टरांपुढं ठेवली. त्यांनी वाचली, उलटी करून मागं काही लिहिलंय का तेही पाहिलं, आणि म्हणाले, "नाई."

"कावून नाई?"

"ही गोळी नळ्या सैल करते, पण साऱ्या अंगातल्या. उजव्या कप्प्यात जोर असन तर बाई उठून कामाले लागन. जोर नसन तर प्रेशर पडन, अन् बाई बी पडन."

"मंग जोर हाय का नाई?"

"तेच तर माहीत नाई."

माहीत नाही म्हणणारा डॉक्टर मी तोवर पाहिला नव्हता. छातीवर यंत्र फिरवून हृदय पाहतात, ते झालं होतं. त्याच्या रिपोर्टात ठीक लिहिलं होतं. ते म्हणाले, "हा कप्पा छातीच्या हाडामागं दडते. दिसते अर्धा, अन् लिहितात पुरा." त्यांना मुंबईच्या एका मोठ्या चुंबकाच्या यंत्रात शेवंताच्या हृदयाचा फोटो काढून पाहिजे होता. धडधडणाऱ्या हृदयाचे पावासारखे काप दिसतात म्हणे. कप्पा भरतो किती, रिकामा होतो किती, ते मोजता येतं. तिथंही हृदयासाठी ते नुकतंच सुरू झालं होतं. यांचा कोणी जुना सोबती तिथं होता.

आता तुम्ही असता तर काय समजला असता? मी तोंडावर विचारलं, "माह्या बायकोवर प्रयोग करून राहिले का?"

त्यांना राग आला नाही. "न पाहता गोळी देली तर तो प्रयोग. फोटो काढला तर नाई."

मग एक दिवस शेजारच्या वहिनींनी मला नळावर गाठलं. "भाऊजी, तुमी ड्यूटीवर जाता अन् ते दवाखान्यातले साहेब तुमच्या घरी येतात. आमाले काय, सांगून ठेवलं."

दुसऱ्या दिवशी मी फोरमनला खोटं सांगून लवकर निघालो. गल्लीच्या तोंडाशी सायकलवरून उतरलो आणि पायी गेलो. पाहतो तर डॉक्टर आमच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून बसलेले. पाठ दाराकडे, तोंड रस्त्याकडे. दार सताड उघडं. आत खाटेवर शेवंता उताणी, उशीशिवाय. आणि हे रस्त्याकडे पाहून हुकूम सोडत होते, "श्वास घ्या. सोडा. आता थांबा... थांबा... चोरी नाई करायची... घ्या."

"हे काय चालून राहिलं?" मी म्हणालो.

"त्या यंत्रात सपाट झोपा लागते अन् श्वास धरा लागते. श्वास हलला का फोटो पुसट. यायले दोन उशा असल्याशिवाय झोपता येत नाई, हे माहीत हाय का तुमाले?"

मला माहीत नव्हतं. त्या आठवड्यापर्यंत मी रात्रपाळीलाच होतो.

"मले कावून नाई सांगतलं?"

आतून शेवंताच बोलली, "तुमी असले का मले श्वास धरता येत नाई. तुमी असे पाहता का मी आत्ताच चालली."

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "आज दुसरी उशी बी निघाली. आता भांडन नका काढू, दम लागन त्यायले."

मुंबईला ते स्वतः आले, आपली सुट्टी टाकून. पेशंटबरोबर कोणता डॉक्टर जातो? मी गाडीत त्यांच्यावर नजर ठेवून होतो आणि ते शेवंताच्या मानेवर. दुर्ग सोडल्यापासून आम्ही तिघं असेच बसलो होतो. शेवंता खिडकीतून शेतं पाहत होती.

यंत्राच्या दाराशी त्यांनी मला अडवलं. "डोळ्यात कधी लोखंडाचा कीस गेला होता का?"

"ग्राइंडरवाल्याले इचारता? रोजचंच हाय ते."

"मंग तुमी बाहेर. आत चुंबक हाय. एखादा कन राहिला असन तर डोळा घेऊन निघन."

मला वाटलं, नवऱ्याला बाहेर ठेवायची ही नवी तऱ्हा. मी म्हणालोही तसं. त्यांनी माझा हात धरून मला बाकावर बसवलं. जरा वेळानं बाहेर आले तर त्यांच्या रुमालात शेवंताचं मंगळसूत्र. धातू चालत नाही म्हणून तिनं काढून दिलं होतं. लग्नापासून मीही ते कधी हातात घेतलं नव्हतं. "धरा," म्हणाले आणि परत आत गेले.

भिंतीमागून घण पडावेत तसा आवाज येत होता. मधे मधे थांबायचा. पुन्हा सुरू झाला की ती श्वास धरून असेल, असं समजून मीही धरत होतो. मला तेवढा वेळ जमलं नाही. तिला जमलं.

फोटो चांगले निघाले. त्यात जे होतं ते चांगलं नव्हतं. उजवा कप्पा ताणून ताणून फुगला होता, मधली भिंत डाव्या बाजूला रेलली होती. रक्त भरायचं पुष्कळ, बाहेर जायचं थोडं. डॉक्टरांनी मला काचेवर लावून दाखवलं. पंप बसत आला होता, ते मलाही कळलं.

"गोळी नाई," ते म्हणाले.

मग मीठ बंद, लघवीच्या गोळ्या, घरात ऑक्सिजनचा सिलिंडर. डॉक्टर यायचे, व्हरांड्यात बसायचे. शेवंता आतून त्यांना टोमणे मारायची, "आज मान नाई पाहिली का साहेब? माही मान नाराज होते." एवढ्या एका माणसाशी ती अशी बोलायची. हिवाळा असा गेला. उन्हाळा लागता लागता ती गेली, दिवसाढवळ्या, दवाखान्यात, मी तिच्या पायाशी बसलेला असताना.

भेटायला आलेले सगळे तेच बोलले. तिचं तेवढंच होतं. सुटली बिचारी. देवाघरी सुखी आहे. रायपूरच्या त्या डॉक्टरला सांगायला गेलो, तर त्यानं ओळखलंही नाही. आमचे डॉक्टर आले तेव्हा मी सरळ विचारलं, "गोळी देली असती तर?"

"लवकर गेल्या असत्या, असं मले वाटते."

"वाटते? का माहीत हाय?"

"वाटते."

यानंतर मी त्यांना पाणी विचारलं नाही. ते बसायचे तेवढे बसले आणि गेले.

त्याच वर्षी ते रिटायर झाले. कोणाला न सांगता निघाले. मला दूधवाल्याकडून कळलं, तसा मी दुर्ग स्टेशनवर गेलो. नागपूरकडची गाडी लागली होती. ते डब्याच्या दारात उभे होते, एक ट्रंक, एक वळकटी.

"न सांगता कावून चालले?"

"सांगतलं असतं तर तुमी पुन्हा तेच इचारलं असतं."

"मंग इचारतो. देली असती तर?"

गाडी हलली. मी डब्याबरोबर चालू लागलो. दुसरा कोणी असता तर जाता जाता "नसती वाचली हो" म्हणून मला मोकळं करून गेला असता. तसं म्हणायला काय पैसे पडत नाहीत.

"आजबी माहीत नाई," ते म्हणाले.

प्लॅटफॉर्म संपला तिथं मी थांबलो. ते दाराचा दांडा धरून तसेच उभे होते, आणि गाडी पुढल्या स्टेशनाच्या, रसमड्याच्या बाजूला दिसेनाशी होईपर्यंत आत जाऊन बसले नाहीत.