ओटीपी आणि डब्यातली भाजी

हसणार नसाल तर सांगतो. अन् हसलात तरी सांगणारच, कारण माझ्या पोटात काही राहत नाही!

मी कवठे येमाईचा. औंदा पावसानं कांदा सडवला, पंचनामा झाला, आता सरकारी मदत कधी येते याकडे डोळे लावून बसलो होतो. त्या दिवशी शिरूरला पाण्याची मोटार रिवाइंडिंगला टाकली अन् हॉटेलात मिसळ हाणली. घरचा डबा? पिशवीत तसाच!

तेवढ्यात फोन. "तहसीलमधून बोलतोय. तुमचं अनुदान अडकलंय. एटीएम कार्डावरचे आकडे सांगा."

सांगितले की! पुढचे, मागचे, सगळे! त्याच खात्यात लेकीच्या नर्सिंगच्या प्रवेशाचे पैसे होते, पण तेव्हा अक्कल कुठं जागेवर होती?

"आता ओटीपी येईल, तो सांगा. फोन ठेवलात तर अनुदान रद्द!"

खात्याला नंबर बायकोचा. म्हणजे ओटीपी गेला घरी, सुमनकडं. हातातला फोन तर ठेवता येईना. मग हॉटेलवाल्याचा फोन मागून तिला लावला.

"सुमे, मी बोलतोय. मोबाईलवर आकडा आलाय बघ, लवकर सांग!"

"मी म्हंजी कोण?"

"अगं, नवरा तुझा!"

"नंबर तर दुसराच हाय. सकाळीच बचत गटात मॅडमनी सांगितलंय, चोर आवाजाची बी नक्कल करत्यात. आज डब्यात काय दिलंय, सांगा बरं?"

आली का पंचाईत! दिलं ठोकून, "मेथी!"

"वांगं हाय रं मुडद्या!"

फोन कट! आकडा मिळेना म्हटल्यावर तहसीलवाल्यानंही फोन आपटला.

तणतणत गावात आलो तो थेट तलाठ्याकडं. "भाऊसाहेब, बायकोनं अनुदान बुडवलं!"

त्यांनी सगळं ऐकून कपाळावर हात मारला. "अवो, मदत परस्पर खात्यात जमा हुती. आमी कवा ओटीपी मागतो का? आधी बँकेत पळा, कार्ड बंद करा!"

पळालो. कार्ड बंद झालं, पैसे जागच्या जागी होते. एवढं हायसं वाटलं की बँकेच्या शिपायालाच मिठी मारली!

घरी आलो तर सुमन ओट्यावर बायका जमवून बसलेली. "आवं, आज चोराचा फोन आला हुता! हुबेहूब तुमचा आवाज!"

"मग?" मी हळूच विचारलं.

"मग काय! तवाच वळखलं. आमचं मालक कसं बी असू द्या, पर फोनवर ओटीपी मागाय इतकं येडं न्हाईत!"

सगळ्या बायका माझ्याकडं आदरानं बघायला लागल्या. लग्नाला वीस वर्षं झाली, तिनं चारचौघींत माझं कौतुक पहिल्यांदाच केलं होतं. आता तुम्हीच सांगा, खरं बोलून ते कशाला घालवू?