चालकाशी बोलू नये
डिझेलचा वास आला की आजही माझा पाय आपोआप ब्रेक शोधतो आणि एक दुपार आठवते. मी पोलादपूर-महाड एसटी चालवायचो, मुक्काम बहुतेक डेपोतच. गाव वाटेवर होतं, त्यामुळे फाट्यावर दोनदा हॉर्न वाजवला की बाप म्हणून आपली ड्यूटी संपली, असं मी मानायचो. एकदा बायकोने फाट्यावर दुसरीतल्या लेकीला गाडीत चढवलं. म्हणाली, "हिला तुमाला कायतरी सांगायचं हाय. घरी तुमी गावता कुठं?" पोर माझ्या मागच्या सीटवर बसली आणि महाडपर्यंत गप्प. कंडक्टर म्हणाला, "ड्रायवरसाहेब, पोरगी तुमचीच ना? तुमी तर झोपेतपण बोलता." स्टँडवर मी विचारलं, "काय गो, बोललीस का नाय?" तिने माझ्या डोक्यावरच्या पाटीकडे बोट दाखवलं आणि नुकतीच शिकलेली अक्षरं लावत वाचलं, "चालकाशी बोलू नये." मी पोट धरून हसलो. तेवढ्यात परतीची वेळ झाली, तशी गाडी सुरू केली आणि वर म्हणालो, "जाताना सांग हां." जातानाही गाडी मीच चालवणार होतो, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. फाट्यावर ती उतरली. मी दोनदा हॉर्न वाजवला, तिने वळून पाहिलं नाही. पुढे मी रात्री घरी येता येईल अशी ड्यूटी मागून घेतली, पण तोवर ती "काय नाय, बाबा" म्हणायला शिकली होती. आता ती माहेरी आली की मी टीव्ही बंद करून तिच्यासमोर बसतो. माझी गाडी कधीची थांबलीय, पण पोर अजून ती पाटी पाळते.