ट्रॉली सुटली की कुंड्या आत

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही, ते आपोआप साचतात. आमच्या हिंगोली स्टेशनात तर साचायला भरपूर जागा होती. त्या काळी रूळ हिंगोलीलाच संपायचे. संध्याकाळी गाडी यायची, रात्री मुक्काम करायची आणि सकाळी आल्या वाटेनं परत जायची. मधल्या वेळात हळदीची पोती चढवून झाली की आम्हाला एकच काम, एकमेकांची टिंगल. परवा नातवानं विचारलं, "आजोबा, नोकरीतलं काही सांगा की." सांगायला बसलो तर प्रत्येक गोष्टीत हरणीच शिरायला लागली. म्हटलं, मग तिचंच सांगावं.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीचा काळ, निजामाचं राज्य. मी तिकीटबाबू. वामनराव आमचे स्टेशनमास्तर, भला माणूस, पण साहेबाचं नाव निघालं की त्यांना घाम फुटायचा. त्यांच्या बायको अनसूयावहिनी, त्यांना कशानंच घाम फुटत नसे. आणि सक्रू, जवळच्या तांड्यावरचा, रुळांचे सांधे बदलणारा सांधेवाला. बाकीचे येणारे-जाणारे.

* * *

एका संध्याकाळी गार्डाच्या डब्यातून हरणीचं पाडस उतरलं. हैदराबादच्या मोठ्या साहेबांच्या बेगमसाहेबांचं लाडकं. बंगल्यावर तिला मानवत नाही, हिंगोलीची हवा चांगली, दिवाळीनंतर घेऊन जाऊ, असा निरोप होता. सोबत साहेबांचा हुकूम: जाळी बांधा, आत जिवंत झाडं लावा, जनावराला आपण रानात आहोत असं वाटलं पाहिजे.

मास्तरांनी परभणीला बदली मागितली होती. मोठं स्टेशन, बढतीसकट. कागद याच साहेबांच्या टेबलावर पडून होता.

"हरणी जगली तर परभणी," मास्तर म्हणाले.

"अन् मेली तर?" वहिनींनी विचारलं.

मास्तरांनी प्लॅटफॉर्मच्या टोकाकडे बोट केलं. तिथं रूळ संपत होते आणि पुढे नुसता माळ होता.

* * *

पहिल्या दिवशी मास्तरांनी घरचीच झाडं लावली. प्लॅटफॉर्मवर त्यांची बाग होती, तेरडा, झेंडू, कडेला गुलाब. गेल्या साली स्टेशनांच्या बागांमध्ये आमच्या बागेला बक्षीस मिळालं होतं. त्यातली निवडक रोपं मुळासकट काढून त्यांनी स्वतःच्या हातानं जाळीत लावली, पाणी घातलं आणि चहा प्यायला घरात गेले.

चहा पिऊन आले तर जाळीत हरणी होती आणि माती होती.

"अहो, चांगलं झालं की," वहिनी म्हणाल्या. "परीक्षक बी एवढं मन लावून कुठं बघत्यात तुमची बाग."

* * *

मग सक्रूनं आपली अक्कल चालवली. तो म्हणाला, मास्तरसाब, कोणतं झाड चालतंय, कोणतं न्हाई, हे माणसाला काय कळणार. आधी शेळीला घालायचं. शेळीनं खाल्लं, दुसऱ्या दिवशी शेळी उभी दिसली, की झाड पास.

मास्तरांना हे फार पटलं. सक्रूनं शेळी आणली. शेळीनं रुई खाल्ली, पास. धोतऱ्याची दोन पानं खाल्ली, तीही पास. सक्रू कुदळ घेऊन धोतरा उपटायला निघाला तेव्हा वहिनी आडव्या आल्या.

"सक्रू, शेळीचं पोट शेळीपाशी. ती कायबी पचवती. उद्या रूळ खाईल, मग ते बी लावणार का आत?"

शेळीनं रूळ काही खाल्ला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुटायच्या वेळी तिनं गार्डाची बाकावर ठेवलेली हिरवी झेंडी खाल्ली. तांबडी शिल्लक ठेवली, पण तांबड्यानं गाडी सुटत नाही. गार्ड बोंबलतोय, इंजिन फुसफुसतंय, मास्तरांना घाम फुटलेला. शेवटी वहिनींनी घरातून चोळीचा हिरवा खण आणून दिला.

हिंगोलीची गाडी त्या दिवशी खणावर सुटली. खण मात्र परत आला नाही. वहिनी पुढं कित्येक महिने त्या गार्डाला विचारायच्या, "काय भाऊ, बायकोला चोळी बसली का बराबर?"

* * *

मास्तरांना झाडं पाहिजेत ही बातमी पसरली आणि आमच्याकडे रीघ लागली. ज्याला म्हणून मालाचा डबा पाहिजे, तो झाड घेऊन यायला लागला. मास्तर सगळ्यांना हो म्हणायचे. मग वहिनींनी तो कारभार आपल्याकडे घेतला आणि मुलीसाठी स्थळ पाहावं तशी एकेका झाडाची चौकशी सुरू केली. कुठलं? कुणाच्या रानातलं? शेजारी काय पेरलंय? त्यावर काय मारलंय?

रुळाकडेचं गवत पहिल्याच फटक्यात बाद. त्यावर इंजिनाचं तेल गळतं.

हळदीच्या एका अडत्याचा माळी टोपलीभर टवटवीत रोपं घेऊन आला. एका पानाला कीड म्हणून नाही. वहिनींनी पान चुरगाळून वास घेतला आणि त्याच्यापुढे धरलं.

"आधी तुमी खा."

"मी काहून खाऊ? तंबाखूचं पाणी मारलंय त्याच्यावर."

वहिनींनी टोपली उचलून त्याच्या डोक्यावर ठेवली.

मग कनेरगाव नाक्याचा एक शेतकरी गाडीभर कोवळी ज्वारी घेऊन आला. हिरवीगार, पण वीतभरच वाढलेली.

"पाऊस कधीपासून न्हाई तुमच्याकडं?" वहिनींनी विचारलं.

"लई रोज झाले जी. वाढलीच न्हाई बघा."

"मग बैलाला काहून घातली न्हाई?"

"असली खुंटलेली ज्वारी बैलाला कशी घालावं? बैल मरंल की."

बोलून गेला आणि त्याच्या लक्षात आलं. गाडीतली ज्वारी उगाच सारखी केली. मग हळूच म्हणाला, "मला वाटलं, हरणी सरकारची हाय."

* * *

औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला गेले तेव्हा मास्तरांनी येताना बेलाचं रोप आणलं. या झाडाची चौकशी झाली नाही. देवाच्या दारातलं, त्याला काय विचारायचं? लावलं, आणि संध्याकाळपर्यंत त्याची काडी उरली.

मास्तर घाबरले. बेल खाल्ला म्हणजे महादेवाचा कोप वगैरे त्यांच्या डोक्यात आलं. ते आणखी एकदा औंढ्याला जायला निघाले.

"बसा खाली," वहिनी म्हणाल्या. "महादेवाच्या हातात काय असतंय? हरणच असतंय न्हवं? मग घरातल्या घरात खाल्लं त्यानं."

त्यानंतर वहिनींनीच युक्ती काढली. माहितीतल्या एका शेतातून हरळी आणि शेवरी आणायची, आठवडाभर जाळीबाहेर ठेवून धुवायची, आणि आत लावली की वर कोंबड्या झाकायचं डालगं पालथं घालायचं. भोकांतून जेवढं वर येईल तेवढं हरणीचं, बुडखा झाडाचा. ते मात्र टिकलं. पावसाळा सरता सरता जाळीत खरंच रान झालं. हरणी भरली, अंगावर तकाकी आली. वहिनी तिला ठकी म्हणायच्या आणि ती हाकेला यायची.

* * *

आणि मग साहेबांच्या कुंड्या आल्या.

साहेबांना झाडांचा भारी शौक. हरणीला घरची आठवण येत असेल म्हणून त्यांनी बंगल्यावरच्या खास कुंड्या गाडीनं पाठवल्या. दुहेरी गुलाबी फुलांची झाडं, बंगलोरहून मागवलेली. निरोप असा की कुंड्यांतच ठेवा, पण जाळीच्या आत ठेवा. मी येऊन बघेन.

वहिनींनी पान पाहिलं. "ही कण्हेर हाय."

"बंगलोरची आहे," मास्तर म्हणाले.

"बंगलोरची असली म्हणून काय गोड झाली का? चार पानं खाल्ली तर जनावर जागचं उठायचं न्हाई."

साहेबाला, तुमचं झाड विषारी आहे, हे सांगणार कोण? मास्तर तर नाहीच. मीही नाही, मलाही पोटं भरायची होती. मग असं ठरलं की कुंड्या मालधक्क्यावर राहतील. साहेब रुळावरून ढकलायच्या ट्रॉलीनं लाइन तपासायला यायचे, ते निघाले की मागच्या स्टेशनातून खबर यायची. ट्रॉली सुटली की सक्रू आणि मी कुंड्या आत नेणार. तेवढा वेळ हरणीनं पानांना तोंड लावू नये म्हणून वहिनी पदरात भिजवलेले हरभरे घेऊन तिच्याजवळ बसणार. ट्रॉली गेली की कुंड्या बाहेर.

साहेब यायचे, बघायचे आणि खूश व्हायचे. "देखो मास्टर, पत्ती को भी नहीं छेड़ती. तमीज़ है."

काही दिवसांनी हरणीलाही कळलं. कुंडी दिसली म्हणजे हरभरे. एकदा ट्रॉली गेल्यावर सक्रूनं एक कुंडी बाहेर काढली, तर ही जाळीच्या दारातून उडी मारून मालधक्क्यापर्यंत त्याच्या मागे गेली. आम्ही हसलो. त्यात हसण्यापलीकडे काही असेल असं तेव्हा कुणाला वाटलं नाही.

* * *

दिवाळी झाली आणि हरणीला न्यायला साहेब सलूनमधून, म्हणजे मोठ्या साहेबांच्या खास राहायच्या डब्यातून, आले. सोबत बेगमसाहेबाही. सकाळच्या गाडीला डबा लागणार, हरणीही त्याच गाडीनं जाणार. कुंड्या जाळीत मांडलेल्या, मास्तर नवीन टोपी घालून उभे.

वहिनी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भाऊजी, बेगमसाबला सांगायचं हाय. तुमी माझं बोलणं त्यांच्या भाषेत सांगा."

"वहिनी, मास्तरांची परभणी जाईल. माझी तर नोकरीच."

"जाऊ द्या. हिला नेऊन राहिले तर माझी ना न्हाई. मला वाईट वाटतंय, पण ते माझं मी बघंन. तिथं त्या बंगल्यात कुंड्या कोण उचलंल, ते सांगा."

मी वहिनींच्या मागोमाग सलूनकडे निघालो. बेगमसाहेबा पडद्यात असत. सलूनच्या खिडकीला चिकाचा, बांबूच्या काड्यांचा, पडदा होता. खिडकीशी वहिनी उभ्या राहिल्या आणि मी पाठ करून उभा राहिलो. माफी मागत मागत सगळं सांगितलं. ती झाडं जहर आहेत, आम्ही ती कधी आत ठेवलीच नाहीत, फक्त साहेब आले की ठेवतो.

"मालूम है," बेगमसाहेबा म्हणाल्या. "इसका भाई वही खाके मरा. साहब बोले, लू लगी. इस वास्ते इसको तुम्हारे पास भेजी मैं. पीछे से पौधे इनों भेज दिए." मग थांबून म्हणाल्या, "साहब को नक्को बोलो. मैं देखती."

त्यांनी आतून साहेबांना सांगितलं की हरणीला इथली हवा मानवली आहे, तिला इथंच राहू द्या. पण आपल्या कुंड्यांशिवाय बंगला सुना वाटतो, त्या तेवढ्या घेऊन चला. साहेबांनी मान डोलावली. मास्तरांचा जीव भांड्यात पडला. वहिनींनी डोळ्यांना पदर लावला.

सक्रूनं एक कुंडी उचलली, मी एक उचलली आणि आम्ही सलूनकडे निघालो.

जाळीचं दार उघडंच होतं. हरणी आमच्या मागे निघाली. वहिनींनी "ठके, ठके" म्हणून हाका मारल्या, तिनं मागे वळूनही पाहिलं नाही. प्लॅटफॉर्मवरून थेट सलूनच्या दारापर्यंत ती कुंडीला नाक लावून आली आणि कुंडी डब्यात ठेवली तशी तिथंच उभी राहिली.

साहेबांचे डोळे भरून आले.

"देखा? मेरे पौधों की जुदाई इससे बर्दाश्त नहीं होती." त्यांनी हात वर केला. "उतारो. सब उतारो. दोनों यहीं रहेंगे. और मास्टर, तुम भी यहीं रहो. इसको तुम्हारे हाथ की आदत हो गई."

चिकाच्या पडद्यामागे कुणीतरी हसू दाबायला ओढणी तोंडात कोंबल्याचा आवाज आला.

कुंड्या उतरल्या. आम्ही त्या जाळीत नेऊन मांडल्या, साहेबांनी स्वतः उभं राहून त्यांच्या जागा ठरवल्या. हरणी वहिनींच्या पदरात तोंड घालून हरभरे खात होती. गाडी सुटली. मास्तर टोपी हातात घेऊन परभणीच्या दिशेनं बघत राहिले, शेवटचा डबा वळणाआड जाईपर्यंत.

वहिनींनी पदर झटकला.

"उचल रे सक्रू," त्या म्हणाल्या.