वनमालाबाईंनी पाहिलेली मिशी

भांडुपच्या टेकडीवरच्या आमच्या चाळीत वनमालाबाईंच्या डोळ्यांना मान होता. तांदळातला खडा, पोरांच्या डोक्यातली ऊ, पायात रुतलेला काटा, सगळ्यासाठी त्यांनाच हाक. मुलुंडच्या एका औषध कंपनीत आम्ही दोघी एकाच टेबलावर बसायचो. इंजेक्शनची बाटली दिव्यासमोर धरायची, हळूच उलटी करायची आणि आत कण किंवा केस तरंगतोय का ते बघायचं, हे आमचं काम. माझ्या हातून अधूनमधून एखादी सुटायची, त्यांच्या हातून कधीच नाही.

त्या टेबलावर एक नियम होता. माल खराब आलाय अशी कुणकुण वरच्यांना लागली, तरी आम्हाला ते आधी सांगायचं नाही. एकदा एका नव्या सुपरवायझरने सांगितलं, आणि आम्ही साऱ्या बायकांनी चांगल्या बाटल्यांतून ढीगभर केस शोधून काढले. खोटं कोणी बोललं नव्हतं. आम्हाला ते खरोखर दिसले होते. वनमालाबाई त्यावरून आमची खूप टर उडवायच्या. त्या दिवशी त्या रजेवर होत्या, म्हणून उडवू शकत होत्या.

गिरण्यांचा संप फसला त्यानंतरची ही गोष्ट. चाळीतले निम्मे पुरुष घरी बसले होते, त्यातलाच एक धाकू. उंच, सावळा, आणि नाकाखाली ही एवढी झुबकेदार मिशी. गिरणी सुटल्यापासून तो कॅरमच्या टपरीवर पडीक असायचा, कधीमधी पिऊनही यायचा. पिणारे आणखी होते. पण धाकू कुणाशी गोड बोलत नसे, म्हणून वाया गेलेला असं नाव त्याचंच झालं.

एका संध्याकाळी लाइट गेली होती. नळावरून येणाऱ्या नलिनीच्या गळ्यातलं मंगळसूत्र कोणीतरी हिसकावलं. नलिनी ही वनमालाबाईंची शेजारीण, भिंतीला भिंत लागून आणि मीठ-मिरचीपासून सुखदुःखापर्यंत सगळं वाटून घेणारी. वनमालाबाई दारात कंदिलाची काच पुसत होत्या. त्यांच्या समोरून एक माणूस पळत गेला. नलिनीची मान कापली होती, रक्त येत होतं, आणि सगळे वनमालाबाईंना एकच विचारत होते.

"उंच होता," त्या म्हणाल्या. "तोंड नाही दिसलं."

मी तिथेच उभी होते. हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

दुसऱ्या दिवशी नळावर जयवंतने बातमी आणली. जयवंत आमच्या मंडळाचा सेक्रेटरी, चाळीतलं पान त्याला विचारल्याशिवाय हलत नसे. धाकू आणि त्याची बायको प्रेमा रात्रीच्या एसटीने गावाला पळाली, तो म्हणाला. धाकूचा बाप गेला म्हणे. यातला 'म्हणे' त्याने असा काही उच्चारला की बायकांनी हंडे खाली ठेवले. तो वनमालाबाईंना म्हणाला, वैनी, उंच होता ना? मग आपल्या चाळीत उंच कोण आहे?

जयवंत काही वाईट माणूस नव्हता. चोराला नाव नव्हतं तोवर तो कुणाच्याही घरातला असू शकत होता, आणि ते कुणालाच सोसवत नव्हतं. धाकूचं नाव निघालं तसं चाळीला सुटल्यासारखं झालं. संध्याकाळपर्यंत वनमालाबाईंना पळणाऱ्याची चाल ओळखीची वाटू लागली. मग खांदे आठवले. नलिनी मानेला पट्टी बांधून त्यांच्याकडे येऊन बसायची आणि म्हणायची, तूच एकटीने पाहिलंयस गं, माझं सगळं तुझ्यावरच आहे. आठवडाभरात जयवंत त्यांना पोलीस चौकीत घेऊन गेला, तेव्हा त्यांनी तोंडही सांगितलं आणि मिशीही सांगितली. जबानीवर सही केली. त्यांना तसूभरही शंका नव्हती.

धाकू दिवस-कार्य उरकून परत आला तो डोकं भादरून. गल्लीच्या तोंडाशीच पोलिसांनी त्याला उचललं. बापाचं निमित्त करून सोंग बदलून आलाय, असं चाळीने लगेच ठरवलं.

रविवारी दुपारी प्रेमा वनमालाबाईंच्या दारात आली. मी आत भाजी निवडत बसले होते. ती उंबऱ्याच्या आत आली नाही. रडलीही नाही, आणि त्यानेच मला जास्त धडकी भरली.

"वयनी, चोरी झाली त्या दिसा तार इली तेवा दुपार होती," ती म्हणाली. "डोक्याचे केस दहाव्या दिवसाक काढले. पण मिशी ह्यांनी त्याच दुपारी हयसरच, खालच्या सलूनात उतरवल्यानी. संध्याकाळी त्यांका मिशीच नव्हती. मग तुमी खयची मिशी बघलात?"

वनमालाबाई भडकल्या. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, मला शिकवू नकोस, असं त्यांनी तिला सुनावलं आणि दार लोटून घेतलं. मग थोडा वेळ भिंतीकडे बघत बसल्या. मग पायात चपला घालून टेकडीखाली शिवदासच्या सलूनमध्ये गेल्या. बाईमाणूस आत शिरलेलं बघून खुर्चीतलं गिऱ्हाईक तोंडाला साबण तसाच ठेवून उठायला लागलं. शिवदासने वस्तरा थांबवून सांगितलं की होय, त्याच दुपारी, ह्याच खुर्चीत. मिशी उतरवताना धाकू ढसाढसा रडला होता. मग इतके दिवस बोलला का नाहीस, असं त्यांनी विचारलं. मला कुणी विचारलंच नाही, शिवदास म्हणाला.

तिथून त्या सरळ माझ्याकडे आल्या. दार लावून घेतलं, डोळे मिटले आणि माझा दंड धरला.

"अजून दिसतेय गं," त्या म्हणाल्या. "कंदिलाच्या उजेडात. मिशीचा केस न् केस दिसतोय."

मी घाबरले, खरं सांगते. खोटं बोललेलं माणूस खोटं मागे घेऊ शकतं. यांनी काय मागे घ्यायचं? शिवदासचं त्यांना पटलं होतं. पण पटलं म्हणून समोरचं चित्र पुसलं जात नव्हतं. आणि दुसऱ्याच दिवशी चौकीत बोलावणं होतं. धाकूला समोर उभा करणार, यांनी हो म्हणायचं, की केस उभी राहणार आणि तो आत जाणार.

निम्मी चाळ चौकीबाहेर जमली होती. आत जयवंत, नलिनी, वनमालाबाई आणि सोबतीला म्हणून मी. धाकूला आणलं. डोक्यावर खुंट उगवले होते, ओठावरही. गाल सुजला होता. त्याने आमच्यापैकी कुणाकडेही बघितलं नाही.

"हाच ना, बाई?" फौजदाराने विचारलं.

वनमालाबाई बघत राहिल्या. टेबलावर बाटली धरून बघायच्या तशा, श्वास रोखून. नलिनीने त्यांचा हात हातात धरला होता. तिची पट्टी सुटली होती आणि मानेवरचा लाल वळ उघडा दिसत होता. त्यांच्या तोंडावरून मला स्पष्ट कळत होतं की त्यांना या घडीलाही तोच दिसतोय.

त्यांनी नलिनीच्या हातातून आपला हात सोडवून घेतला.

"साहेब, मला हाच दिसतो. आत्ताही दिसतोय. पण त्या दिवशी मी तोंड पाहिलं नव्हतं." त्या जयवंतकडे बघून म्हणाल्या, "मला आधी सांगितलं होतं."

फौजदाराला यातलं अक्षर कळलं नाही. पोरखेळ आहे का, खोटी जबानी दिली म्हणून तुम्हालाच आत बसवू का, असा तो गरजला. जयवंत म्हणाला, वैनींना कुणीतरी फितवलं. वनमालाबाईंनी शिवदासचं नाव सांगितलं. शिपाई जाऊन त्याला घेऊन आला. या वेळी त्याला विचारलं गेलं, आणि त्याने सांगितलं. दिवेलागणीच्या आत धाकू सुटला.

चोर कधीच सापडला नाही. नलिनीने वनमालाबाईंशी बोलणं टाकलं. मधल्या भिंतीवर वाटी आपटून मीठ मागायची त्यांची पद्धत होती, ती वाटी पुन्हा वाजली नाही. या गोष्टीने वनमालाबाई जितक्या रडल्या तितक्या चाळीच्या शिव्यांनी नाही. कामावर मात्र त्या बसत राहिल्या. फक्त आता प्रत्येक बाटली खाली ठेवून, डोळे मिटून, पुन्हा एकदा उचलून बघायच्या. सुपरवायझर ओरडायचा, त्या ऐकून घ्यायच्या.

धाकूची मिशी पुन्हा पहिल्यासारखी वाढली. एका संध्याकाळी तो रॉकेलचा डबा घेऊन त्यांच्या दारावरून निघाला होता. वनमालाबाई दारात होत्या. त्यांच्याही नकळत त्या एक पाऊल मागे सरल्या. धाकूने ते बघितलं आणि थांबला.

"वयनी, मी अजून पळताना दिसतंय तुमका?"

नाही म्हणावं असं त्यांना फार वाटलं, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. एवढं सोपं होतं ते.

"दिसतोस रे," त्या म्हणाल्या.

धाकूने डब्याचा हात बदलला.

"मग मी रोज हयसून हळूहळू चलत जातलंय," तो म्हणाला. "तुमी बघीत ऱ्हवा."

वरच्या अंगाला राहणाऱ्या धाकूला आमच्या गल्लीतून खरं तर वाकडी वाट पडायची. पण तो रोज दिवेलागणीला तिथूनच जायचा, सावकाश, हात मोकळे सोडून. आणि वनमालाबाई हातातलं काम टाकून दारात येऊन उभ्या राहायच्या, आणि तो वळणाआड जाईपर्यंत त्याला बघत राहायच्या.